फोटोतलं धनुष्य लाँगबो नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पारंपरिक तिरंदाजीवर अर्धं पान आलं, त्याबद्दल आधी आभार. कोल्हापुरात नेम म्हटलं की रायफल नाहीतर पिस्तूल. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ साली पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आलेला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, ही नावं इथल्या पोराटोरांना पाठ आहेत. धनुष्य मात्र आपल्याकडं दसऱ्याच्या देखाव्यात दिसतं, नाहीतर मतपत्रिकेवर. त्याला अर्धं पान मिळालं हेच पुष्कळ.

आता तक्रार. लेखात म्हटलंय की ज्याला पारंपरिक तिरंदाजी करायची आहे त्यानं लाँगबोच (लांब, सरळ पातींचं धनुष्य) घ्यावा, रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेलं धनुष्य) हे ऑलिंपिकवाल्यांचं आधुनिक यंत्र आहे. शेजारी पन्हाळ्याच्या तटावर उभ्या असलेल्या एका मुलाचा फोटो आणि त्याखाली 'अस्सल लाँगबो' अशी ओळ. साहेब, फोटोतलं धनुष्य रिकर्व्ह आहे. भिंग घ्यायची गरज नाही, दोरी कुठं टेकलीय तेवढं बघा. लाँगबोची दोरी दोन टोकांच्या खाचांत अडकवलेली असते, मधे कुठंही पातीला, म्हणजे मुठीच्या वर-खालच्या वाकणाऱ्या भागाला, शिवत नाही. आपल्या फोटोत वरच्या टोकाखाली चांगली तीन बोटं दोरी पातीवर झोपलीय आणि टोक पुढच्या बाजूला वळलंय. लाँगबोची स्तुती करायला त्या मुलानं रिकर्व्ह हातात धरलंय.

एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. पण लेख आल्यापासून चार घरची माणसं माझ्या दारात येऊन गेली. त्यातले एक गृहस्थ तेरा वर्षांच्या मुलाला चाळीस पौंडांचा, म्हणजे ओढायला चाळीस पौंडांचा जोर लागणारा, लाँगबो मागवायला निघाले होते, कारण पेपरात छापून आलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गल्लीतला पोरगा सायकलवरूनच ओरडला, "काका, लांबडं घ्यायचं का वाकडं? एका शब्दात सांगा." एका शब्दात येत नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री आपल्या हातात आहेच.

माझी ओळख अशी की मी धंद्यानं पॅटर्न मेकर. उद्यमनगरात पस्तीस वर्षं फौंड्रीवाल्यांसाठी लाकडाचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, केले. पंपाची बॉडी, ट्रॅक्टरचे भाग, काय म्हणाल ते. आता पॅटर्न सीएनसीवर निघतात, त्यामुळं रंधा आणि पटाशी घरी आणून ठेवली आणि चोपन्नाव्या वर्षी धनुष्य हातात घेतलं. सात वर्षं झाली. मी कुणाचा प्रशिक्षक नाही, पदक बिदक नाही. लाकूड कसं वागतं ते कळतं, आणि एक मोठी चूक स्वतःच्या खांद्यावर केलेली आहे, एवढंच भांडवल.

पहिल्यांदा 'पारंपरिक'चा विषय मिटवू. आपण भजनात शारंगधर म्हणतो. शार्ङ्ग हे विष्णूचं धनुष्य आणि तो शब्द आलाय शृंगावरून, म्हणजे शिंगावरून. कौटिल्यानं अर्थशास्त्रात धनुष्यं सांगितलीत ती ताडाची, बांबूची, लाकडाची आणि शिंगाची. शिंगाचं धनुष्य कसं असतं? तिरंदाजाकडच्या बाजूला म्हशीच्या शिंगाची पट्टी, पुढच्या बाजूला जनावराच्या स्नायूंचे तंतू, मधे लाकडाचा गाभा, सगळं सरसात बसवलेलं आणि टोकं पुढं वळवलेली. शिंग दाब सोसतं, तंतू ताण सोसतात. आमच्या धंद्यातल्या माणसानं टोपी काढावी असं काम. मोगल आणि मराठ्यांच्या काळात आपल्याकडं वापरलेलं तिरकमठ्यातलं धनुष्य याच जातीचं. त्याला एकच खोड. पावसाळी हवेत सरस आणि तंतू ओल धरतात आणि धनुष्य मऊ पडतं. म्हणून तर आपल्या देशात पोलादाचीसुद्धा वळणदार धनुष्यं बनली, शस्त्रागारात कितीही दमट हवा असली तरी ती तयार राहत. आषाढात कोल्हापुरात घर केलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. तर वाकडं धनुष्य आधुनिक कसं? ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी मधल्या खंडानंतर परत आली ती १९७२ साली म्युनिकला. हे वळण त्याच्या शेकडो वर्षं आधीचं आहे.

लांबडं परकं आहे असंही मी म्हणत नाही. सिकंदराबरोबर आलेल्या निआर्कसनं हिंदी पायदळाचं धनुष्य बघून जे लिहून ठेवलं ते ॲरियन या ग्रीक ग्रंथकारानं दिलंय. माणसाएवढं उंच धनुष्य, एक टोक जमिनीवर टेकवून डाव्या पायानं दाबायचं, आणि बाण जवळजवळ तीन हात लांब. इंग्लंडचा लाँगबो जगभर गाजला तो पुढं, १३४६ च्या क्रेसीला आणि १४१५ च्या अजिंकूरला. तो यू नावाच्या झाडाचा. त्या झाडाची गंमत अशी की बाहेरचं पांढरं लाकूड ताण सोसतं आणि आतलं लालसर लाकूड दाब. शिंग-तंतूंचं काम एकाच फळीत निसर्गानंच करून ठेवलेलं. दोन्ही घराणी जुनी आहेत, दोन्ही आपल्याकडं होती. ज्याला परंपरेसाठी घ्यायचंय त्यानं कुठलंही घ्यावं.

मग ऑलिंपिकचं रिकर्व्ह वेगळं कशात? त्याला नेम धरायला साइट असते, ओढ पूर्ण झाली की टिक करणारा क्लिकर असतो, तोल राखायला पुढं काठीसारखे स्टॅबिलायझर असतात आणि सत्तर मीटरवर मारतात. ते सगळं उतरवलं की उरतं ते नुसतं वळणाचं धनुष्य. बेअरबो, म्हणजे अशा उघड्या धनुष्याच्या प्रकारात तिरंदाजीच्या जागतिक संघटनेचा नियमच आहे की दोरी उतरवलेलं धनुष्य, लावलेल्या वजनासकट, १२.२ सेंटिमीटरच्या कडीतून पार गेलं पाहिजे. म्हणजे काठ्या-बिठ्या लावायला जागाच नाही. जाता जाता, रिकर्व्हची बाजू घेणारे काही जण साताऱ्याच्या अदिती स्वामीचं आणि तिथंच तयार झालेल्या ओजस देवतळेचं नाव घेतात. ते दोघं २०२३ साली बर्लिनला जगज्जेते झाले ते कंपाउंडवर, चाकाच्या धनुष्यावर. तो तिसराच मामला. रिकर्व्हसाठी साताऱ्याचं नाव घ्यायचं तर टोकियो ऑलिंपिकला गेलेल्या सरड्याच्या प्रवीण जाधवचं घ्या.

आता माझी चूक. मी शिवाजी पेठेतला, तालमीच्या वळणात वाढलेला. तालमीतल्या माणसाला हलकं वजन मागायची लाज वाटते. फोनवर दुकानदारानं विचारलं किती पौंडांचं पाठवू, मी म्हटलं पन्नास. त्यानंही आधी कधी ओढलंय का हे विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. अडुसष्ट इंची लाँगबो आला. दिसायला काय देखणा! मधे गडद लाकूड, दोन्ही अंगाला बांबूची पट्टी, टोकांना शिंगाच्या टोप्या. कळंब्याकडच्या एका मित्राच्या शेतात पाचटाच्या गंजीवर बारदान टाकून निशाण केलं. पहिल्या दिवशी पंचवीस बाण मारले. त्यातले सात गंजीला लागले, बाकीचे मागच्या उसात. बरं, पूर्ण ओढलं म्हणाल तर तेही नाही. कोपर थरथरायला लागलं की मी अलीकडंच सोडून द्यायचो आणि बाण जाईल तिकडं नेम होता असं मानायचो.

इथं एक सांगितलंच पाहिजे. उभा ऊस म्हणजे भिंत नव्हे. आत माणूस पाणी पाजत असतो आणि बाहेरून दिसत नाही. मित्राचा गडी पाणी बंद करून कडेनं बाहेर आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, त्या दिवसापासून तिथं एकही बाण मारला नाही. आता आम्ही निशाणामागं मातीचा बांध घालून घेतलाय. हरवलेले बाण जानेवारीत तोडणीला आलेल्या टोळीनं आणून दिले, तेही पाचच. एका बाणाची पिसं उंदरांनी खाल्लेली.

दीड महिन्यात उजवा खांदा गेला. रात्री त्या कुशीवर झोपता येईना, शर्टाची बाही चढवताना डोळ्यांत पाणी. हाडांच्या डॉक्टरांनी चार महिने धनुष्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. इंग्लंडमध्ये १५४५ साली बुडालेलं 'मेरी रोझ' नावाचं लढाऊ जहाज १९८२ साली वर काढलं, त्यात शंभरावर लाँगबो सापडले. त्यांची ओढ शंभर पौंडांच्या वरची असावी असा अंदाज आहे. जहाजात सापडलेल्या सांगाड्यांपैकी काहींच्या खांद्याच्या हाडात वेगळेपणा दिसला, आणि तो लहानपणापासून जड धनुष्य ओढल्यानं असावा असं अभ्यासकांना वाटतं. म्हणजे ती माणसं पोरवयापासून हाडं घडवत आली होती. मी चोपन्नाव्या वर्षी एकदम वरच्या पायरीवर उडी मारायला गेलो.

खांदा बरा होईपर्यंत भाचीनं माझ्या नाकावर टिच्चून शिकून घेतलं. ती इंजिनिअरिंगला आहे. कुणाकडून तरी वीस पौंडांचं टेक-डाउन रिकर्व्ह उसनं आणलं. टेक-डाउन म्हणजे मूठ वेगळी आणि दोन पाती वेगळ्या, बोल्टनं आवळायच्या. पातींना सगळे लिम्ब म्हणतात, पण आमच्या घरी लिंब म्हटलं की लोणच्याची बरणी आठवते, म्हणून मी पातीच म्हणतो. चार महिन्यांनी मी परत उभा राहिलो तेव्हा तिचे पंधरा मीटरवर सहा बाण ताटाएवढ्या जागेत बसत होते. माझे गंजीभर. मामा म्हणून मान होता तो त्या दिवशी गेला.

मी तिचं ते पोरखेळ वाटणारं धनुष्य हातात घेतलं आणि मग फरक कळला. प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता काटा दोरीला अडकवून आम्ही नंतर दोन्ही जातींची धनुष्यं मोजली, आणखी एकाकडून तीसतीस पौंडांची जोडी आणून. इंचाइंचाला काट्यावरचा आकडा वहीत लिहिला. रिकर्व्ह सुरुवातीलाच जड लागतं, निम्म्या ओढीवर ते लाँगबोपेक्षा दोन पौंड पुढं होतं. शेवटच्या इंचात मात्र लाँगबोनं जवळपास दोन पौंडांची उडी मारली, रिकर्व्हनं सव्वाची. कारण वळलेल्या टोकांवर टेकलेली दोरी ओढताना हळूहळू पातीवरून उठते आणि तरफ लांबत जाते. पहिलवानाच्या भाषेत सांगायचं तर लाँगबो शेवटी अंगावर येतो, रिकर्व्ह शेवटपर्यंत एका लयीत राहतं. नवशिक्याची बोटं नेमकी त्या शेवटच्या इंचातच घाबरतात. शिवाय सुरुवातीलाच जास्त भरल्यामुळं त्याच तीस पौंडांत रिकर्व्हच्या पोटात जास्त ताकद साठते आणि बाण वेगानं जातो. म्हणजे कमी पौंडांत भागतं.

लाँगबोची बाजू पण आहे, आणि मी ती मनापासून घेतो, कारण आज मी स्वतः लाँगबोच मारतो. पाती अरुंद आणि जाड, त्यामुळं मूठ थोडी तिरकी धरली गेली तरी पिळत नाहीत. रिकर्व्हच्या पाती रुंद आणि पातळ, दोरी सोडताना बोटं वाकडी गेली की ते लगेच चुगली करतं. लाँगबो हलका, एकसंध, काही आवळायचं नाही, काही हरवायचं नाही. आवाज कमी. रिकर्व्हची दोरी सुटली की पातीवर थाप मारते. पण लाँगबोच्या जड पाती बाण गेल्यावरही पुढं जायला बघतात, तो हिसका मुठीत येतो. मला तो आवडतो. भाचीला नाही.

आता येतो बाणाकडं. या विषयात माणसं धनुष्यावर तासन् तास भांडतात आणि बाण डझनावारी आंधळेपणानं घेतात. भाचीला गेल्या वर्षी लाँगबोची हौस आली. अठ्ठावीस पौंडांचा आणला, अगदी शहाण्यासारखा. पण तिचे लाकडी बाण, जे रिकर्व्हवरून बऱ्यापैकी सरळ जात होते, ते लाँगबोवरून पंधरा मीटरवर वीतभर डावीकडं. तीन रविवार आम्ही तिच्या बोटांना दोष दिला, मग डोळ्यांना, मग उभं राहण्याला. पोरगी रडकुंडीला आली.

दोष तिचा नव्हता. रिकर्व्हची मूठ मधोमध कापलेली असते, बाण जवळजवळ मध्यरेषेतून जातो. लाँगबोला तसा काप नसतो किंवा अगदी थोडा असतो, बाण मुठीच्या अंगाला टेकून तिरका उभा राहतो. दोरी सुटली की बाण माशासारखा वाकतो आणि मुठीला वळसा घालून पुन्हा सरळ होतो. जेवढा वळसा मोठा तेवढा बाण लवचीक लागतो. ताठ बाण वळसा घेत नाही, उजव्या हातानं ओढणाऱ्याचा तो डावीकडं जातो. फार लवचीक असला की उजवीकडं. या ताठपणाला स्पाइन म्हणतात.

मग मी पस्तीस वर्षांत शिकलेलं काम बाहेर काढलं. सागवानाच्या फळीवर दोन आधार, मधलं अंतर बरोबर २६ इंच. बाणाच्या मध्यावर दोन पौंडांचं, म्हणजे ९०७ ग्रॅमचं वजन टांगायचं आणि बाण किती खाली वाकतो ते मोजायचं. वजन गनमेटलच्या एका जुन्या बुशचं केलं, कानस मारत मारत सराफाच्या काट्यावर नेमकं ९०७ ला आणलं. मापाला व्हर्नियर हाइट गेज होतंच. २६ ला त्या झुकावाच्या इंचांनी भागलं की पौंडांत ताठपणा येतो. लाकडी बाणांचं हे जुनं माप आहे.

डझनाच्या खोक्यावर छापलं होतं ३५ ते ४०. पहिला बाण साडेसोळा मिलिमीटर झुकला, म्हणजे चाळीस पौंड. ठीक. दुसरा १९ मिलिमीटर, म्हणजे पस्तीस. तेही ठीक. सातवा झुकला फक्त १४, म्हणजे सत्तेचाळीस! बारापैकी चार बाण खोक्यावरच्या आकड्यात बसतच नव्हते. आणि तिच्या धनुष्याला हवा होता तीसच्या आसपासचा, म्हणजे २२ मिलिमीटर झुकणारा. बाणाच्या दांडीवर बॉलपेननं एकेक आकडा लिहिताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता. तीन रविवारांचा राग त्या आकड्यांवर निघाला.

पुढचं काम पॅटर्न मेकरचं. गोल दांडीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं बदलतो. व्यास दहा टक्के कमी केला की ताठपणा तिसऱ्या हिश्श्यानं उतरतो. ८.७ मिलिमीटरची दांडी पॉलिश पेपर गुंडाळून फिरवत फिरवत ८.१ ला आणली की चाळीसची तीस होते. एका दांडीला अर्धा तास. सहा दांड्या केल्या, त्यातली एक मी जरा जास्तच उतरवली, ती अजून कपाटावर आहे. उरलेल्या पाच बाणांनी पुढच्या रविवारी वीतभर डावीकडचं दुखणं गेलं. बोटं तीच, डोळा तोच. सगळ्यांनी घरी दांड्या घासाव्यात असं नाही. पण लाँगबो घेतानाच बाणांचा ताठपणा विचारा, आणि प्रत्येक बाण मारण्याआधी दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवून बघा. तडकलेला बाण सुटताना मोडतो आणि त्याची फाक आपल्याच डाव्या हातात घुसते.

तर त्या सायकलवाल्या पोराला, आणि चार घरच्या माणसांना, मी हे सांगितलं. पहिलं धनुष्य टेक-डाउन रिकर्व्ह घ्या, मोठ्या माणसाला वीस ते पंचवीस पौंड, तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला त्याहून कमी. मूठ घडवलेली असते, हात दर वेळी त्याच जागी बसतो. सहा महिन्यांनी जड हवं तर नुसत्या पाती बदलायच्या, अख्खं धनुष्य नाही. लाँगबोला सहसा ती सोय नसते. जे आहे ते आहे, आणि माझ्यासारखं चुकलं तर भिंतीवर टांगायचं.

पौंड वाचायला शिका. पातीवर 'पंचवीस, अठ्ठावीसला' असं लिहिलेलं असतं, म्हणजे अठ्ठावीस इंच ओढल्यावर पंचवीस पौंड. आपली ओढ तेवढी असेलच असं नाही. दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत माप घ्या आणि अडीचनं भागा. माझं १६५ सेंटिमीटर भरतं, म्हणजे ६६, म्हणजे सव्वीस इंच. इंचामागं साधारण दोन पौंड कमी-जास्त होतात, जड धनुष्याला थोडे अधिक. हे गणित मला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं.

दोरी चढवायला स्ट्रिंगर वापरा. गल्लीतल्या एकानं तालमीतल्या ताकदीनं मांडीत अडकवून रिकर्व्ह वाकवलं आणि खालची पाती पिळली, ती आजही दोरी चढवली की एका अंगाला झुकते. स्ट्रिंगर म्हणजे दोन टोकांना चामड्याचे खिसे असलेली दोरी, पायाखाली धरायची आणि मूठ वर ओढायची. आमचे खिसे, दोरी ओढणारी बोटं जपणारा टॅब आणि दोरीच्या फटक्यापासून हात वाचवणारं आर्मगार्ड चप्पल लाईनमधल्या एका कारागिरानं शिवून दिलं. कोल्हापुरीच्या तळव्याचं चामडं टॅबला जाड होतं, त्यानं स्वतःच पट्ट्याचं पातळ काढलं आणि बोटाचं माप घेतलं. बाहेरून मागवलेल्या टॅबपेक्षा हा चांगला निघाला. आणि एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत धनुष्य ठेवू नका, थर चिकटवलेलं डिंक सुटतं.

माझ्याच सल्ल्याला अपवाद सांगतो. आमच्या रविवारच्या मंडळीत एक ताई आहेत, शाळेत शिक्षिका. त्यांनी पहिल्या दिवसापासून पंचवीस पौंडांचा लाँगबो घेतला आणि एकदाही रिकर्व्हला हात लावला नाही. हळू, निवांत, दिवसाला वीसच बाण. आज त्या आमच्यात सगळ्यात नेटक्या मारतात. मी त्यांना विचारलं, सुरुवातीला अडलं नाही का. त्या म्हणाल्या, "अडलं ना, वर्षभर अडलं. पण मला घाई कुठं होती?" त्यांचं वजन योग्य होतं, म्हणून आकार कुठलाही चालला. मी पन्नासचं रिकर्व्ह मागवलं असतं तरी खांदा गेलाच असता.

आणि ज्याला यातलं काहीच परवडत नाही त्यानं बांबूचं घ्यावं. आपल्याकडं इंडियन राउंड म्हणून स्पर्धेचा वेगळा प्रकार आहे, बांबूच्या धनुष्यावर, तीस आणि पन्नास मीटरचा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. कौटिल्याच्या यादीत तेही आहे.

आपल्याला विनंती दोन. लाँगबोची ओळ दुरुस्त करून छापावी. दुसरी जास्त महत्त्वाची आहे. त्याच लेखात खाली छोटा फोटो आहे, त्यात तो मुलगा दोरी पूर्ण ओढून उभा आहे आणि धनुष्यावर बाण नाही. फोटोग्राफरनंच तसं उभं केलं असणार. बाणाशिवाय दोरी सुटली की सगळी ताकद पातीतच राहते आणि पाती फाटू शकते, लाँगबो असो की रिकर्व्ह. त्या मुलाचा पत्ता आपल्या वार्ताहराकडं असेल तर एवढा निरोप द्या: रिकामं ओढू नकोस, आणि त्या दिवशी दोरी सुटली असेल तर मारण्याआधी दोन्ही पातींवरून कापसाचा बोळा फिरवून बघ. कापूस जिथं अडकेल तिथं फट आहे. नाहीच कळलं तर रविवारी सकाळी सातला धनुष्य घेऊन ये. पाऊस असला तर माझ्या घरी, नसला तर आमच्या बांधावर.

आपला,
एक जुना पॅटर्न मेकर
शिवाजी पेठ, कोल्हापूर
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे)